एक तरी ट्राउट

इडवालने डोह सोडला, तेव्हाच खरं तर मायरिगला शंका यायला हवी होती.

पुलाखालचा डोह म्हणजे क्लेदन नदीवरची सगळ्यात चांगली जागा. मायरिग, इडवाल आणि नेस्टा हे तिघं मित्र जवळजवळ तीस वर्षं त्या जागेसाठी भांडत आले होते. शेवटी त्यांनी एक नियम केला. गवताच्या काड्या उपटायच्या, लांब काडी ज्याची त्याने डोहात उतरायचं. त्याला मासा लागला किंवा त्याची माशी काठावरच्या झाडात अडकली, की पाळी पुढच्याची. ही माशी खरी नव्हे. लहानशा आकड्यावर पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली, पाण्यावर पडली की माशाने फसावं अशी. तिघंही आपापली माशी घरी बांधून आणत आणि दुसऱ्याच्या माशीला नावं ठेवत.

आज इडवालने काडीला हातही लावला नाही.

“तू उतर, मास्तर,” तो म्हणाला. “माझा गुडघा धरलाय.”

“काल तर शिडीवर चढून पन्हळ साफ करत होतास.”

“म्हणूनच धरलाय!”

“आणि तू गं?” मायरिगने नेस्टाला विचारलं.

नेस्टा पुलाच्या कठड्यावर थर्मास ठेवून चहा ओतत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी आधी चहा पिणार आहे. जा ना रे बाबा. मिळतंय तर घे. इतकी वर्षं काठावरच्या त्या आल्डर झाडाच्या फांद्यांना माश्या खाऊ घातल्यास, आज एखादी पाण्यात टाकून बघ.”

मायरिग हसला आणि कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून काठावरून खाली उतरला. हंगामाचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून वसंतापर्यंत नदीत गळ टाकायला बंदी. बीच झाडांची पानं तांबडी होऊन पाण्यावरून वाहत होती आणि ऊन असूनही हवा बोचत होती.

आज त्याचं काय पणाला लागलंय हे दोघांनाही माहीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी वरच्या अंगाच्या एका गोठ्याची शेणकाल्याची टाकी फुटली आणि सगळा काला रातोरात नदीत उतरला. सकाळी काठाकाठाने पांढरी पोटं वर करून मासे पडले होते. गावातल्या शाळेत मायरिगने उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवला होता. दर वर्षी तो वर्गाला नदीवर न्यायचा. गोटे हळूच कसे उलटायचे, खालचे किडे पांढऱ्या थाळीत कसे घ्यायचे, कुठला किडा उद्या पंख फुटून उडणार आणि कुठला माशाच्या पोटात जाणार, हे दाखवायचा. मुलं थाळीभोवती डोकी घालून बसायची. टाकी फुटल्यापासून तो एकटाच थाळी घेऊन जात होता. दर रविवारी गोटे उलटायचा. थाळीत पाणी, वाळू आणि क्वचित एखादी जळू. बाकी काही नाही.

इकडे कार्डिफहून त्याची मुलगी लाउरी मागे लागली होती. घर विका, माझ्याकडे या, एकटे पडून राहिलात तर कोणाला कळणार? एकदा गुत्त्यात बसल्या बसल्या तो दोघांना म्हणाला, “हंगाम संपेपर्यंत या नदीत एक तरी ट्राउट दिसला, तर मी कुठेही जाणार नाही. नाही दिसला, तर मग इथे राहून तरी काय करू?” तेव्हा इडवालने विषय बदलला होता आणि नेस्टा उठून बिल द्यायला गेली होती. लाउरीलाही त्याने हाच शब्द दिला होता.

मायरिग डोहाच्या खालच्या टोकाशी उभा राहिला. गळाचा दोर त्याने एकदा मागे, एकदा पुढे झुलवला आणि सोडला. माशी वरच्या धारेवर पडली, तरंगत खाली आली. पुन्हा टाकली. पाण्याखालचे गोटे बुळबुळीत, करडे दिसत होते. पूर्वी या डोहावर डुबक्या मारणारा काळा पक्षी हमखास असायचा, छातीवर पांढरा डाग असलेला. खायला काही उरलं नाही तेव्हा तोही गेला.

आणि मग पुलाच्या सावलीत पाण्यावर एक वर्तुळ उमटलं.

 पान पडलं असेल, मायरिगने स्वतःला बजावलं. पण वर्तुळ पुन्हा उमटलं आणि त्याच्या मधोमध एक नाक दिसलं. त्याने घाई केली. माशी त्याने जेमतेम टाकली. वेडीवाकडी, दोराचा फास पाण्यावर आपटून. असल्या फेकीला क्लेदनचा ट्राउट शेपूट दाखवून निघून गेला असता. हा मात्र लांबून धावत आला आणि माशी गिळून मोकळा झाला.

“आहेत की रे! बघ, आहेत!” वरून इडवाल ओरडला. गळाची काठी अजून पुरती वाकलीही नव्हती. “सांगत होतो ना मी!”

“अरे, हळू! दोर तुटेल!” नेस्टा म्हणाली.

मायरिगला काही ऐकू येत नव्हतं. काठीतून येणारी ती धडधड त्याला दोन वर्षांनी जाणवत होती, आणि डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मनात नुसती गर्दी झाली. लाउरीला आज फोन करायचा. शाळेत जाऊन सांगायचं, वसंतात मुलांना घेऊन या. घराचं छत यंदाच दुरुस्त करून घ्यायचं.

त्याने मासा जाळीत घेतला, हात ओला करून अलगद धरला आणि उन्हाकडे वळवला.

तपकिरी पाठ, लाल ठिपके. ट्राउटच होता. पण त्याचे छातीजवळचे पर तुटक होते, कडा गोल झिजलेल्या. शेपटीचा खालचा कोपरा खाल्ल्यासारखा. वाहत्या पाण्यात वाढलेल्या माशाचे पर पंख्यासारखे पसरलेले आणि धारदार कडांचे असतात. असे झिजतात ते सिमेंटच्या हौदात, हजार माशांच्या दाटीत भिंतीला घासून. हा फरक मायरिगने स्वतःच किती मुलांना शिकवला होता.

इडवालचा भाचा डोंगरापलीकडे ट्राउट पाळायच्या हौदांवर कामाला होता.

मायरिग तसाच पाण्यात उभा राहिला. वर पाहायची गरजच नव्हती. ते दोघं कसे उभे असतील हे त्याला ठाऊक होतं, एकमेकांकडे न बघता. आपण गप्प राहिलो तर? मासा सोडून द्यायचा, हसत काठावर यायचं, चहा प्यायचा. त्यांना हवं तेच होईल. खरं म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा नदीचा आवाज, शुक्रवारचा गुत्ता, ही दोन माणसं. कोणालाच कधी कळणार नाही.

पण मासा हातात हलका लागत होता. पाठ अरुंद, पोट आत ओढलेलं. माशी त्याने भुकेपोटीच गिळली होती; पोटात काही पडून त्याला बरेच दिवस झाले होते.

“किती सोडलेत?” मायरिगने विचारलं.

वरून थर्मासचं झाकण लावल्याचा आवाज आला.

“इडवाल, किती?”

“सहा,” इडवाल म्हणाला. “गेल्या आठवड्यात. मास्तर, आम्हाला वाटलं...”

“त्याला कशाला बोलतोस, कल्पना माझी होती,” नेस्टा म्हणाली. “तू गेल्यावर आम्ही दोघांनी काय करायचं रे इथे? याचं तोंड बघत बसू?”



“तुमच्यावर रागावलो नाही मी,” मायरिग म्हणाला. वर्गात चुकलेल्या मुलाशी बोलायचा, त्याच आवाजात. “पण ते खाणार काय? वर्षभर त्यांना वरून दाणे पडायचे. इथे काय आहे? मी बघतो ना दर रविवारी.”

“आम्हाला हे सुचलंच नाही,” इडवाल हळूच म्हणाला.

इतकी वर्षं हे तिघं प्रत्येक मासा परत सोडत आले होते. मायरिगने काठावरचा एक गोटा उचलला आणि माशाच्या डोक्यावर एकदाच, नीट मारला. मासा थरथरला आणि थांबला. त्याने तो ओल्या गवतावर ठेवला.

“उतरा खाली,” तो म्हणाला. “तुझा गुडघाही आण. उरलेले पाच काढू. असे उपाशी नको मरायला.”

ते दोघं खाली आले. मग तिघं एकाच डोहात शेजारी शेजारी उभे राहिले. असं ते कधीच राहिले नव्हते. कोणी काड्या उपटल्या नाहीत, कोणी कोणाच्या माशीला हसलं नाही. इतकी सोपी मासेमारी त्यांनी जन्मात केली नव्हती. माशी पाण्यावर पडायचा अवकाश, की मासा झेपावत होता. इडवालने दोन काढले, नेस्टाने एक, मायरिगने आणखी एक. दर वेळी तोच गोटा. नेस्टाला मारवेना, तेव्हा मायरिगने तिच्या हातातून मासा घेतला.

“घर सोमवारी विक्रीला लावतो,” तो म्हणाला.

“इतक्यात?” इडवालने विचारलं.

“लाउरीला शब्द दिलाय.”

इडवालने आपला दोर पुन्हा पाण्यावर टाकला.

शेवटचा मासा राहिला होता. तो दूरच्या काठाला, मुळांच्या खाली होता. एकदा वर येऊन त्याने इडवालच्या माशीकडे पाहिलं आणि वळून गेला. मायरिगने माशी बदलली, बारीक, काळी घेतली. मासा तिच्या पाठोपाठ वीतभर आला, थांबला आणि खाली सरकला. नेस्टाने प्रयत्न केला. ऊन पुलाच्या कमानीवर चढलं, मग तिथूनही उतरलं. आता तो वरही येईना.

“शहाणा झाला,” इडवाल पुटपुटला.

“हो,” मायरिग म्हणाला. “खरा ट्राउट असाच वागतो.”

त्याने आणखी एकदा दोर फेकला. माशी मुळांजवळून तरंगत गेली आणि तिला माशाने तोंड लावलं नाही. नेस्टाने त्याच्या बाहीला धरून त्याला काठाकडे वळवलं, तेव्हा त्या माशाला तिथेच ठेवून मायरिग बाहेर आला.