एक वाजता पडलेले दोन टोले

मी एक जुनं, टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी वैतागलो आहे. म्हाताऱ्या वस्तूनं गोड बोलावं, गेलेल्या दिवसांसाठी उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असते. तेही करीन थोडंसं. पण आधी माझी तक्रार ऐका.

या नेदरलँड्स देशात वर्षातून दोनदा माझे कान पिळले जातात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. हे बंद करा, असं जवळजवळ सगळेच म्हणतात. मग घोडं कुठे अडतं? बंद केल्यावर वेळ कुठली ठेवायची, उन्हाळ्याची की हिवाळ्याची, तिथे. युरोपच्या संसदेनंही काही वर्षांपूर्वी हा खेळ थांबवायच्या बाजूनं मत दिलं. पुढे देशादेशांचं जमेना. तोवर माझे कान आहेतच.

माझा जन्म एका जर्मन कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळी लंबक आणि खर्जातला टोला. फोरबर्ग गावात पियानो शिकवणाऱ्या हेन्ड्रिकाबाईंनी मला विकत घेतलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या काट्यांना कुणी बोट लावत नसे. आठवड्यातून एकदा चावी दिली की झालं. "माझ्या घरात सुरात असलेली दोनच वाद्यं आहेत," असं त्या शिष्यांना सांगायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मग सत्तरच्या दशकात हा उन्हाळी वेळेचा कायदा आला. हेन्ड्रिकाबाई चिडल्या, पण मला त्यांनी जपलं. तास मागे घ्यायच्या रविवारी त्या माझा लंबक हातानं थांबवायच्या, तासभर फिरून यायच्या आणि पुन्हा हलवून द्यायच्या. काटे उलटे कधी फिरवले नाहीत. टोल्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात, मित्रांनो. काटे मागे जातात, पण टोल्यांची मोजणी मागे जात नाही.

हेन्ड्रिकाबाई गेल्या. त्यांच्या भाच्यानं मला जुन्या वस्तूंच्या दुकानात दिलं. तिथे मी एका तुटक्या दिव्याशेजारी बंद पडून राहिलो. येणारे लोक काचेवर टिचकी मारायचे आणि पुढे जायचे. किती काळ गेला हे मला सांगता येणार नाही, कारण चावीच नव्हती.

मग गेल्या वर्षाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, मृणालिनी आली. तिनं पेटी उघडली, लंबकाला हलकेच धक्का दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "विनय, घराला आवाज हवा की नको?"

अशा रीतीनं मी आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावी, एका मराठी घरात आलो. ही भाषाही तिथेच शिकलो. विनय चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. केसाच्या हजाराव्या भागाची चूकसुद्धा त्याला खपत नाही. मृणालिनी आर्नहेमच्या एका वीज कंपनीत आहे. उद्या किती वीज लागेल, याचा अंदाज ती आज बांधते. त्यांची मुलगी शिवांगी नऊ वर्षांची. आईबाबा मराठीत बोलतात, ती डचमध्ये उत्तर देते आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

मार्चमध्ये विनयनं मला एक तास पुढे केलं. त्यानं काही बिघडलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मृणालिनीचे वडील नीळकंठराव सांगलीहून राहायला आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन वर्ष झालेलं. कुणाला आपला भार होऊ नये, ही त्यांची सततची धडपड. शिवांगीला शाळेतून आणायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.

मनगटावरचं घड्याळ मात्र त्यांनी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं.

"बदलून देऊ का, बाबा?" विनयनं विचारलं होतं.

"नको हो, विनयराव. तिकडे धाकट्या भावाला, दीनानाथला, वेळेवर फोन करायचा असतो. इथलं काय, साडेतीन तास वजा केले की झालं!"

मग तो रविवार उजाडला. सकाळी चहाच्या आधी विनय स्टुलावर चढला आणि त्यानं माझा मोठा काटा बोटानं सरळ उलटा फिरवला. केसाच्या हजाराव्या भागाची काळजी करणारा माणूस! माझ्या पोटात कळ आली. काटे तासभर मागे गेले, टोले होते तिथेच राहिले. त्या क्षणापासून मी एक टोला जास्त देऊ लागलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खाली भांडण सुरू झालं होतं.

"आता उद्यापासून मी अंधारात सायकल चालवत घरी येणार," विनय स्टुलावरून उतरत म्हणाला. "कायमची उन्हाळी वेळ ठेवा ना. संध्याकाळी जरा उजेड मिळेल, पोरं बाहेर खेळतील."

"आणि डिसेंबरात सूर्य पावणेदहाला उगवेल, त्याचं काय?" मृणालिनी म्हणाली. "शिवांगीनं काळोखात शाळेत जायचं? हिवाळ्याची वेळच खरी."

"म्हणजे जूनमध्ये पहाटे चारला पाखरं उठवणार!"

"पडदे लाव. आज माझ्या ऑफिसात दिवस पंचवीस तासांचा आहे, माहितीये? एक तास दोनदा येतो आणि सगळे तक्ते फसतात."

"मग बदल बंद व्हायलाच हवा."

"तेच म्हणतेय मी!"

"मग भांडतेस कशाला?"

नीळकंठराव पोहे खात दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "म्हणजे आता नेमकं काय झालं?" मृणालिनी म्हणाली, "काही नाही बाबा, इथली हिवाळ्याची वेळ सुरू झाली." आणि ती पुन्हा विनयकडे वळली. आता साडेतीन नव्हे, साडेचार तास वजा करायचे, एवढं एक वाक्य. ते त्या घरात कुणीही बोललं नाही. मला सांगता आलं असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं.

सोमवारी दोघंही कामाला गेले. नीळकंठराव स्वयंपाकघरात एकटे होते. सव्वादोनला शाळा सुटते, म्हणून ते रोज दोनचे टोले पडले की निघायचे. त्या दिवशी एक वाजला आणि मी दोन टोले दिले. त्यांनी खात्रीसाठी मनगटाकडे पाहिलं. साडेपाच. साडेतीन वजा केले, दोन. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळल्या आणि दोन्ही खोट्या. माझ्या तबकडीवर एक वाजलेला स्पष्ट दिसत होता, पण मी दिवाणखान्यात आणि ते ओट्यापाशी. त्यांनी कोट चढवला, छत्री घेतली आणि निघाले. फोन वरच्या खोलीत चार्जिंगला तसाच राहिला.

पुढचं मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं.

शाळेचं फाटक बंद होतं. रोज तिथे सायकली घेतलेल्या आयांची गर्दी असते, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. वर्ग मागच्या बाजूला, त्यामुळे आवाजही नाही. पाऊस भुरभुरत होता. नीळकंठरावांनी वाट पाहिली. त्यांच्या हिशेबानं अडीच वाजून गेले. कुत्र्याला फिरवणारी एक बाई आली, तिला त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मुलं गेली का हो?"

तिनं रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेलेली दिसतात सगळी."

बस. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली. आपण उशिरा पोहोचलो, पोर एकटीच निघाली, असं त्यांनी धरून घेतलं. शिवांगीला वाटेतल्या शेळ्यामेंढ्यांच्या बागेत थांबायला आवडायचं. ते तिकडे गेले. ती नव्हती. मग तळ्याकडे. तिथेही नव्हती. मग पुढे पुढे, विटांच्या एकसारख्या घरांच्या गल्ल्यांमधून, तिचं नाव घेत. वाऱ्यानं छत्री उलटी झाली ती त्यांनी तशीच काखेत धरली.

इकडे सव्वादोनला शाळा सुटली. शिवांगी फाटकाशी उभी राहिली. सगळी मुलं गेली, आजोबा नाहीत. वर्गाच्या बाईंनी मृणालिनीला फोन केला. तिनं बाबांना फोन केला, तो वरच्या खोलीत वाजत राहिला. विनयला केला, पण यंत्रांच्या त्या स्वच्छ खोलीत फोन नेऊ देत नाहीत. आर्नहेमहून घरी यायला दीड तास तरी हवा. तिनं गल्लीपलीकडच्या मैत्रिणीला, स्नेहलला, गाठलं आणि स्वतः स्टेशनकडे धावली.

स्नेहल शिवांगीला घेऊन घरी आली. दार उघडलं, घर रिकामं. खुंटीवर कोट नाही. स्नेहल घाईघाईनं फोनवर सांगत होती, "मृणाल, काका घरात नाहीयेत गं. पोलिसांना कळवू का?" तेवढ्यात तीन वाजले आणि मी चार टोले दिले.

शिवांगीनं वर पाहिलं. "स्नेहल मावशी," ती डचमध्ये म्हणाली, "घड्याळात तीन आहेत. ते चारदा का वाजलं?"

स्नेहलनं फोन कानापासून दूर केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आजोबा टोले मोजतात," शिवांगी म्हणाली. "ते एक तास आधी गेले. मी दिसले नाही. ते मला शोधतायत." आणि ती दाराकडे पळाली. "शेळ्यांकडे!"

नीळकंठराव खरोखरच तिथे होते. रस्ता चुकून तासभर भटकल्यावर ओळखीची म्हणून हीच एक जागा त्यांना सापडली होती. ओल्या बाकावर ते थरथरत बसले होते. शिवांगीला पाहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ती त्यांच्या मांडीला बिलगली आणि या घरात आल्यापासून जे मी कधी ऐकलं नव्हतं ते स्नेहलनं तिथे ऐकलं. शिवांगी मराठीत बोलली.

"आजोबा, मी नाही हरवली. तुम्ही हरवला."

त्यांना ताप भरला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांनी, छाती तपासून विश्रांती घ्यायला सांगितलं. बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते. आणि इतकं झाल्यावर या दोघांनी काय केलं असेल?

"उन्हाळी वेळ कायम असती, तर काल हे घडलंच नसतं," विनय म्हणाला.

"हिवाळी कायम असती तरी घडलं नसतं!" मृणालिनी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते.

मग दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं. दोष माझा. विनयनं मला खिळ्यावरून काढलं आणि मागच्या शेडमध्ये, सायकलींच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ज्याचे कान पिळले, त्यालाच शिक्षा! गंजक्या साखळ्यांच्या वासात, ओलीत, मी पुन्हा बंद पडलो. दुकानात निदान माणसं टिचक्या तरी मारायची.

ताप उतरल्यावर नीळकंठराव खाली आले आणि म्हणाले, "घर मुकं का वाटतंय?"

"ते घड्याळ काढून टाकलं, बाबा. तुम्हाला इतका त्रास झाला त्याच्यामुळे," विनय म्हणाला.

"त्याच्यामुळे?" नीळकंठरावांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. शेडपर्यंत आला तो! "अहो विनयराव, वेळेवरून अख्खा दिवस भांडलात तुम्ही. मी समोर बसलो होतो. मी विचारलंसुद्धा. बाबा, उद्यापासून साडेचार वजा करा, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? दिल्लीहून की ब्रुसेल्सहून कोण येणार होतं मला सांगायला?"

थोड्या वेळानं शेडचं दार उघडलं आणि विनय स्वतः मला उचलून आत घेऊन गेला. "सॉरी, बाबा," एवढंच तो म्हणाला, पण मला त्यानं लेकरासारखं छातीशी धरलं होतं.

माझ्या पोटात एक बारीक तार आहे. ती उचलली की काटे न हलता टोले पडतात. नीळकंठरावांनी आणि विनयनं मिळून ती शोधून काढली. जास्तीचा टोला मागे घेता येत नाही, म्हणून पुढचे सगळे टोले पाडत फिरून जागेवर यावं लागतं. शिवांगी मोजायला बसली. आजोबांनी अट घातली, मोजायचं मराठीत. दहानंतर ती डचमध्ये "एल्फ" म्हणाली. "पुन्हा," आजोबा म्हणाले. "अकरा," ती म्हणाली. शेवटी काटे आणि टोले जुळले. ती दुपार माझ्या साऱ्या आयुष्यातली फार चांगली दुपार होती. बघा, उसासा टाकला मी.

नाताळच्या आधी नीळकंठराव सांगलीला परतले. यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा तो रविवार आला. विनय स्टुलावर चढला, काटे पुढे केले आणि उतरता उतरता म्हणाला, "हं, आता कशी छान संध्याकाळ मिळेल. हीच ठेवा कायम."

"आणि सकाळचं काय?" मृणालिनीनं तोंड उघडलं.

"आधी आजोबांना फोन," शिवांगी म्हणाली, मराठीत, आणि तिनं लावलाही. "आजोबा, आजपासून साडेतीन वजा!"

"शाब्बास, बाळा. लिहूनच ठेवतो," पलीकडून आवाज आला. "आणि तुझ्या आईबाबांना सांग, मी पुष्कळ विचार केलाय. तुमच्या दोन्ही वेळा सोडा. दोन्हींच्या मधली घ्या. अर्धा तास इकडचा, अर्धा तिकडचा. आपल्याकडे बघ, जगाच्या प्रमाणवेळेच्या पुढे साडेपाच तासांचा हिशेब आहे, अर्ध्या तासानं कुणाचं काही बिघडलंय?"

"छे, बाबा!" मृणालिनी फोनकडे झुकली. "शेजारच्या देशांशी ताळमेळ कसा राहील?"

"आणि संध्याकाळचा अर्धा तास कमी होईल तो?" विनयनं दुसऱ्या बाजूनं तोंड घातलं.

आता तिघं भांडतात. मी हात टेकले.

मित्रांनो, कुठली वेळ बरोबर, हे मला विचारू नका. उजेड काही माझ्या पेटीत तयार होत नाही. तुम्ही मोठे व्हाल, मतं द्याल, तेव्हा कुठलीही एक निवडा आणि तिच्यावर टिकून राहा, एवढं या म्हाताऱ्यासाठी करा. आणि तोवर, ज्या रविवारी घड्याळं बदलतील, त्या सकाळी वाद घालायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. काय बदललं ते त्यांना नीट सांगा. त्यांना समजलं का, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.