बाळंतिणीचे लाडू

माझे वडील, भुजंगअण्णा, यांचं सोनपेठच्या बसस्थानकासमोर चहाचं हॉटेल आहे. त्यांच्या अद्रकीच्या चहापायी कंडक्टरसुद्धा गाडी रेंगाळत ठेवतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी इथं आले. पण मला आई नाही. राणीसावरगावहून सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, फोनवर अण्णांना बजावलं, "बारशाला येऊन बघते. बाळंतिणीचं करायला जमत नसलं तर राजनंदिनीला संगंच घिऊन येते." मला जायचं नव्हतं. सव्वा महिना अण्णांजवळच राहायचं, असा माझा हट्ट होता.

अण्णांना ते बोलणं लागलं. शेजारणी सुंठीचे लाडू करून द्यायला तयार होत्या, तर साफ नाही म्हणाले.

"आयुष्य गेलं माझं अद्रक ठेचण्यात. सुंठ म्हंजे काय, वाळलेली अद्रकच की!"

आणि लाडवात त्यांनी ओली अद्रकच ठेचून घातली, तीही हॉटेलच्या अंदाजानं, हात सैल सोडून. मी आत बाळाला पाजत होते. कळलं तेव्हा परातीत गूळ-तुपाचा नुसता चिखल झाला होता. लाडू काही वळेनात. अण्णांनी सगळं पुन्हा आटवलं, ताटात थापलं आणि सुरीनं वड्या पाडल्या.

"पोटात गेल्यावर कोण बघायलंय, लाडू हाय का वडी?"

बारशाच्या दिवशी सासूबाई खोकतच बसमधून उतरल्या. नातवाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "इवाई, लाडू दाखवा."

अण्णांनी ताट पुढं केलं. सासूबाईंनी वडी तोंडात टाकली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग दुसरी खाल्ली. मग तिसरी.

"ह्याला लाडू म्हणत्यात व्हय? बाळंतिणीला सुंठ लागती, इवाई. ही ओली अद्रक हाय, लय तिखट!"

"चुकलं, विहीणबाई," अण्णा खाली बघून म्हणाले. "तिची माय असती तर..."

मला इतकं भरून आलं की बाळाला तसंच घेऊन मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

सासूबाईंनी आम्हा दोघांकडं बघितलं. मग त्यांनी पदर खोचला.

"खलबत्ता कुठं हाय? सुंठ मी कुटते. सुनेला न्हाई न्यायची मी. पर ह्या वड्या रोज करा. कवाधरनं छाती भरली व्हती, आता मोकळी वाटायलीय. सव्वा महिना मीच ऱ्हाते हितं."

अण्णांनी आनंदानं मान डोलावली. मग शेवटचं वाक्य ध्यानात आलं आणि त्यांनी कसनुसं माझ्याकडं बघितलं. टाके दुखत होते, तरी मला हसू आवरेना.