जेवणाच्या खोलीतलं फ्लायव्हील

मीटरकाकांच्या जेवणाच्या खोलीत जिथे टेबल होतं, तिथे आता इंजिन होतं. जुन्या टायरमध्ये नाक खुपसून उभं, आणि वरच्या बाजूला ते चपटं, गोल फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक. काकांचं ताट त्यावर अगदी मापात बसायचं. काका समोर स्टूल घेऊन जेवायचे आणि सवयीनं म्हणायचे, "आज मीठ जास्त झालंय हां." इंजिन उलट बोलायचं नाही. काकू बोलल्या असत्या, पण त्यांना जाऊन अडीच वर्षं झाली होती, आणि त्या नव्हत्या म्हणून तर इंजिनाला घरात पाऊल टाकता आलं होतं.

काकांनी चौतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. लोकांच्या घरात घुसायचं, दोन मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा, निघायचं. त्यामुळे सगळं शहर ओळखीचं, पण "बसा हो जरा" म्हणणारं कुणी नाही.

इंजिन काकांच्या गाडीचं. गाडी जुनी, पाठीनं गोल, कासवासारखी. इंजिनाच्या मागून तेल गळायचं. गळती थांबवायची तर आतलं सील बदलायचं, आणि सीलच्या वाटेत हे दहा-अकरा किलोचं बिडाचं चाक सहा बोल्टांनी ठाण मांडून बसलेलं.

सोमवारी मुलीचा फोन आला. ती आठ तासांवर राहायची.

"बाबा, शेजारच्या शिंपीकाकांनी मला फोटो पाठवलाय. जेवणाच्या खोलीत इंजिन? लोक मासे पाळतात हो!"

"माशांना रोज खायला घालावं लागतं. हे उपाशी राहतं."

"जोक नकोय. शनिवारपर्यंत ते चाक निघालं तर इंजिन तुमचं, मी परत बोलणार नाही. नाही निघालं तर मी येते आणि भंगारवाल्याच्या ताब्यात देते."

"निघेल की."

"एकट्यानं?"

"मग काय पलटण बोलावू?"

पलटण नको होती, पण दुसरं माणूस हवंच होतं. पान्यानं बोल्ट फिरवायला गेलं की बोल्ट जागच्या जागी आणि अख्खं चाक गरागरा. म्हणजे एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. चौदा वर्षांपूर्वी काकूंनी धरलं होतं. चाकाच्या दात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून एका हातानं दाबला होता आणि दुसऱ्या हातात मासिक. मधूनमधून म्हणायच्या, "झालं का? माझी गोष्ट संपत आली."

मंगळवारी काकांनी काकूंच्या जागी फ्रीज नेमला. स्क्रू ड्रायव्हर दात्यांत अडकवला, त्याला पट्टा बांधला, पट्ट्याचं दुसरं टोक फ्रीजच्या दांडीला, आणि पाना ओढला. चाक फिरलं. फ्रीजचं दार उघडलं आणि आतून आठ अंडी एकामागोमाग एक उतरली. बोल्ट तसाच. रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मात्र सुटला, कारण दोन अंडी शाबूत होती.

बुधवारी शिंपी स्वतःच आला. मधली भिंत दोघांची एकच.

"काका, तुमच्या दणक्यांनी माझ्या भिंतीचा चुना पडतोय. नवऱ्या मुलाचा काळा कोट, त्याला कोंडा झाल्यासारखा दिसतोय!"

"आलायस तर पाच मिनिटं हे धर ना."

शिंप्यानं दाते बघितले, स्क्रू ड्रायव्हर बघितला, मग स्वतःची दहा बोटं बघितली. "बोटं सोडून काय हवं ते मागा," म्हणाला, आणि दोन्ही हात खिशात घालून गेला.

शेवटी दोरी धावून आली. काकांनी बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि प्लगच्या भोकातून वीतवीत करत सिलिंडरमध्ये भरली. पिस्टन वर आला, दोरीवर दाबला गेला आणि थांबला. चाक जाम! सहाही बोल्ट कुरकुरत निघाले. ओल्या शर्टांनी खुर्च्यांच्या पाठीवर बसून हा विजय पाहिला. टाळ्या वाजवायला त्यांच्या बाह्यांत हात नव्हते.

पण चाक हलेना. बोल्ट नाहीत, काही नाही, तरी चिकटलेलं. काकांनी चाकाखालच्या फटीत बॅटरी मारली आणि त्यांना सगळं आठवलं. बोल्ट सैल पडू नयेत म्हणून डिंक असतो, चौदा वर्षांपूर्वी चाक परत बसवताना त्याची ट्यूब त्यांनी काकूंच्या हातात दिली होती. प्रत्येक बोल्टाला एक थेंब, असं सांगून ते चहा टाकायला गेले होते. काकूंनी थेंबाच्या हिशोबानं आयुष्यात काही केलं नव्हतं. त्यांनी अख्खी ट्यूब चाकामागे पिळली होती.

"अगं, एक थेंब म्हटलं होतं मी! एक!" काका ओरडले आणि उत्तराची वाट बघत राहिले.

"मला म्हणालात?" भिंतीपलीकडून शिंपी.

"नाही रे बाबा. तुला नाही."

गुरुवारी त्यांनी शिंप्याकडून कोटांची इस्त्री आणली, सात किलोची. डिंक उष्णतेनं मऊ पडतो. चाकावर इस्त्री ठेवून काका तासभर समोर बसले. खोलीत जळका वास सुटला. मग दोन बाजूंनी दोन पहारी घातल्या, एकीवर हात आणि एकीवर पाय देऊन जोर लावला. टक्‌! चाक सुटलं, घरंगळलं, खाली पडलं. एका फरशीचे चार तुकडे झाले.

काका जमिनीवरच बसले. "निघालं," ते म्हणाले. कुणाला तरी सांगावं म्हणून दार उघडून बाहेर बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, काय म्हणतंय चाक? निघालं असेल तर तिकीट आत्ताच रद्द करते, रजाही वाचेल. मग उन्हाळ्यातच येईन. मला वाटतंय तुम्ही काढलंच असणार."

काकांनी फरशीवरच्या चाकाकडे बघितलं. "अं? कसलं निघतंय! ढिम्म आहे."

"खरंच?"

"तुझ्या आईनं अख्खी ट्यूब पिळलीय मागे."

मुलगी हसायलाच लागली. "माझ्या शाळेच्या बुटाचा तळ असाच चिकटवला होता तिनं! मोज्यासकट! पाय निघेना माझा." हसता हसता तिनं नाक ओढलं. "बरं, येते मी. आधी मी धरते, तुम्ही फिरवा. दोघांनी मिळून नाहीच निघालं तर भंगारवाला, कबूल?"

"कबूल, कबूल. राहशील ना?"

"रविवारी संध्याकाळची गाडी आहे."

शुक्रवारी सकाळी काकांनी चाक उचलून परत जागेवर बसवलं. हात लावला तर लगेच डुगडुगलं. असं चाक ती आल्या आल्या निघालं असतं आणि दुपारच्या गाडीनं ती परत गेली असती. काकांनी दोरी पुन्हा सिलिंडरमध्ये भरली, सहा बोल्ट आवळले, चाकाच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडा घेतला. फार घट्ट बसवलं तर भंगारवाला, सैल ठेवलं तर दुपारची गाडी. शनिवार पुरला पाहिजे आणि रविवारचं जेवण झाल्यावर निघालं पाहिजे, इतपत हवं. चौदा वर्षं हट्ट धरलेल्या चाकाला आता दीड दिवसाचा हट्ट शिकवायचा होता. ते एक एक ठोका मोजून घालत होते.

"अजून निघत नाही का हो?" भिंतीपलीकडून शिंप्यानं हळहळून विचारलं.

"नाही ना!" काका म्हणाले. "फार त्रास देतंय."

मग त्यांना वाटलं, सोमवारी तिला सुट्टी असते का, ते विचारायचंच राहिलं. त्यांनी हातोडा उचलला. आणि सोमवारच्या नावानं आणखी एक ठोका घातला.