टेबलावर सुटं काही नको

सरळच सांगतो, मला ठोकळेवाले लोक आवडत नाहीत. लहान मुलांनी प्लॅस्टिकच्या विटांची घरं बांधावीत, पाडावीत, एखादी वीट नाकात घालून आईबापाला दवाखान्यात पळवावं, माझी काही तक्रार नाही. पण चाळिशी उलटलेली, केस पिकलेली माणसं खोका उघडून, सोबतच्या पुस्तिकेत बघून एकावर एक ठोकळा दाबत बसतात आणि वर त्याला ‘बांधकाम’ म्हणतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. काय बांधलंत? दाबलं, टक वाजलं, झालं. ना करवत, ना कानस, ना रंग. त्यांच्या प्लॅस्टिकच्या माणसांची डोकी त्यांच्याच दारांतून आत जात नाहीत. त्यांची एक मोटार मी पाहिली, तिच्यात बसायचं तर त्या बिचाऱ्याला पाय घरी ठेवून यावं लागेल.

आम्ही आगगाडीवाले. म्हणजे छोट्या आगगाड्यांचे. माझा रूळमार्ग वरच्या खोलीत आहे आणि त्याचं काम एकोणीस वर्षं चाललंय. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. रुळांखालची खडी मी चिमट्याने पसरून, वर पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडून बसवली आहे. पाण्याचे मीटर दुरुस्त करायच्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होतो, बारीक कामाला हात कंटाळत नाही.

दर वर्षी आमच्या मंडळाचं प्रदर्शन भरतं. मंडळाचा चिटणीस मी, नियमही मीच लिहिलेत. पहिलाच नियम असा की टेबलावर सुटं काही नको. टेबल सहा जण मिळून उचलतात, जिन्यावरून उतरवतात, टेम्पोत घालतात. सुटी वस्तू वाटेतच जाते. त्यामुळे जे चिकटवलेलं नाही ते आमच्या लेखी नाहीच. सिग्नलचा खांब असो की फलाटावरचा झाडूवाला, गोंद लागला की तो रूळमार्गाचा झाला. कुणाचं काम मनापासून आवडलं तर आम्ही टाळ्या वाजवत नाही. ‘बसवून टाक’ म्हणतो. याच्या वर आमच्यात शाबासकी नाही.

आणि माझ्या नशिबाला काय आलं, तर एकुलती एक लेक ठोकळेवाली.

एकेचाळीस वर्षांची आहे. मोठमोठ्या इमारतींच्या कामावर क्रेन चालवते. दिवसभर उंच केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया उचलायच्या आणि घरी येऊन नखाएवढे ठोकळे दाबायचे. तेही सातव्या वर्षापासूनचे, एका तपकिरी ट्रंकेतले, तेच ते. नवा ठोकळा घेत नाही. वर्षाला एक काहीतरी मोठं करायचं, चार आठवडे मांडून ठेवायचं, मग मोडून रंगवारीने परत ट्रंकेत, आणि त्याच ठोकळ्यांतून पुढचं. आहे त्यातून काय काय निघतं हे बघण्यातच मजा आहे म्हणते. मी एकदा तिला विचारलं, वर्षभर राबून शेवटी ट्रंक जिथल्या तिथे, मग मिळवलंस काय? ती म्हणाली, तुमच्या फलाटावरची माणसं एकोणीस वर्षं एकाच गाडीची वाट बघत उभी आहेत, त्यांनी काय मिळवलं? जीभ आईवर गेली आहे.

दोन वर्षांपूर्वी मंडळाची माणसं घरी आली होती आणि ती पण होती. कुणीतरी विचारलं, मुलगी काय करते. मी म्हणालो, अजून खेळते, मोठी व्हायची वाट बघतोय. सगळे खो खो हसले. ती उठली, कप मोरीत ठेवला, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर आईला फोन, आईशी गप्पा, आईला बाहेर भेटणं. माझ्या वाट्याला ‘बरे आहात ना’ एवढंच, तेही बायकोच्या तोंडून. मला ते किती लागलं हे मी कुणाला बोललो नाही. रविवारी गाडी सुरू करायचो आणि गाडीच्या आवाजातून जिन्यावर पाय वाजतात का ते ऐकत राहायचो. बायको वर आली की चिडायचो, कारण ती बायको निघायची.

मग या वर्षी माझ्या मुख्य स्टेशनाने दगा दिला. पुठ्ठ्याची इमारत, ओल लागून फुगली आणि प्रदर्शनाच्या सहा आठवडे आधी मधोमध फाटली. बायकोने संधी साधली. म्हणाली, लेकीला सांगा, ती करेल. मी म्हणालो, ठोकळ्यांचं स्टेशन माझ्या रुळावर? मी मेल्यावर. ती म्हणाली, मग तोवर बसा एकटेच. एक दिवस मी तोंड फिरवून जेवलो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, बोलव.

पाच रविवार ती ट्रंक घेऊन आली. माझ्या अटी होत्या: माप माझं, आणि ती पिवळ्या तोंडाची हसरी माणसं नकोत. तिने माझंच मोजायचं यंत्र घेऊन फलाटाची उंची तीन वेळा मोजली आणि एका जागी माझी चूक काढली. मी तिच्या छपराला म्हणालो, याला घामोळं आलंय, ठोकळ्यांच्या डोक्यावरच्या गोट्या सगळ्या दिसतायत. ती माझ्या डोंगरांना पडलेली गादी म्हणाली. पुढच्या रविवारी तिने सगळं छप्पर आडवं फिरवून पुन्हा रचलं आणि एक गोटी दिसेना. मी बघितलं आणि म्हणालो, खिडकी वाकडी आहे. खिडकी वाकडी नव्हती. पाचही रविवार आम्ही भांडलो, आणि दोन वर्षांत मला इतके चांगले रविवार आले नव्हते.

प्रदर्शनाला नेण्याबद्दल तिने बजावून ठेवलं होतं. आदल्या रविवारी ती येणार, स्टेशन मजल्यामजल्याने सुटं करून ट्रंकेत घालणार आणि हॉलवर स्वतः जोडणार. तुमच्या सहा पैलवानांनी त्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, आणि प्रदर्शनानंतर? म्हणाली, मोडणार. पुढचं कशातून करू मग?

त्याच आठवड्यात, ती कामावर असताना, मी स्टेशनाचं छप्पर उचललं. नुसतं बघायला. आत वळणाचा जिना होता. पायऱ्या मोजल्या, मापात होत्या. प्रतीक्षागृहात पाठ असलेली बाकं. तिकीटखिडकीला गज. स्टेशनमास्तरच्या टेबलाला खण होता, आणि चिमट्याने ओढला तर तो उघडत होता. हे सगळं छपराखाली, जिथे कुणी कधी डोकावणार नाही. खोटं कशाला बोलू? आमच्या मंडळात असं काम कुणाचं नाही. माझंही नाही. आणि हे दोन आठवड्यांनी मोडून, लाल लालमध्ये, पांढरं पांढऱ्यात, ट्रंकेत जाणार होतं.

मी प्लॅस्टिकचा गोंद काढला. हा साधा गोंद नाही, दोन्ही बाजू जराशा वितळवून एकच करून टाकतो. तीन दिवस लागले. एकेक ओळ उतरवायची, सगळ्यात बारीक कुंचल्याने गोंद फिरवायचा, परत जागेवर दाबायची. भिंती, जिना, बाकं, गज, सगळं. खण तेवढा उघडता राहील अशी काळजी घेतली. शेवटी खालचा पाया टेबलाला बसवला. बाहेर एक थेंब दिसला असता तर मी चिटणीसपद सोडलं असतं. बायकोने खालून विचारलं, वास कसला येतोय, तर मी ताकास तूर लागू दिली नाही. वाटलं, लेक बघेल आणि समजेल. मी आयुष्यात एवढ्या मायेने काही चिकटवलेलं नाही.

रविवारी ती आली, सकाळीच. ट्रंक उघडली, आत फडकी अंथरली आणि स्टेशनाचं छप्पर धरून वर ओढलं. छप्पर आलं नाही, टेबल हललं. तिने दुसरीकडून ओढलं. मग कोपऱ्यातल्या एका ठोकळ्याला नख लावलं. मग खिशातली ठोकळे सुटे करायची ती त्यांची पाचर काढून सांध्यात घालून बघितली. क्रेनवर काम करणारी बाई, हाताला जोर कमी नाही. पाचर वाकली.

‘‘निघायचं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तीन दिवस बसलो होतो.’’

खरं सांगतो, मी हसत होतो.

‘‘सगळं?’’ तिने विचारलं.

‘‘सगळं. आतल्या बाकांसकट.’’

ती स्टुलावर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला जमलं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. ती ट्रंकेकडे बघत होती. ट्रंकेच्या कप्प्यांत उरलेले मूठभर ठोकळे होते, कुठे न बसलेले. बाकीचे चौतीस वर्षांचे सगळे माझ्या टेबलावर, एकात एक वितळलेले.

‘‘का केलंत?’’

‘‘तू मोडणार होतीस,’’ मी म्हणालो. ‘‘मोडण्यासारखं नाहीये ते. चांगलं झालंय.’’

हा शब्द मी तिच्या कुठल्या कामाला याआधी वापरला होता का, आठवून बघितलं. तीही तेच आठवत असावी.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘हे नुसतं तोंडाने म्हणाला असतात तरी मला पुरलं असतं.’’

मी म्हणालो, नवे ठोकळे आणून देतो, ट्रंकभर, दोन ट्रंका. ती म्हणाली, नकोत. मी म्हणालो, अगं, प्लॅस्टिकच आहे ते. हे बोलल्या बोलल्या मला कळलं की बोलायला नको होतं, पण ते सुटलं होतं. ती उठली, खाली गेली, आईशी दोन मिनिटं बोलली आणि दार लागल्याचा आवाज आला. ट्रंक वरच राहिली. बायको वर आली, तिने स्टेशनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

प्रदर्शनात स्टेशनाभोवती गर्दी होती. मंडळातले सगळे वाकून, चष्मे कपाळावर सरकवून बघत होते. कुठे एक थेंब दिसत नाही म्हणाले. खजिनदाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘‘काय बसवलंयस रे.’’ स्टेशन बांधलं कुणी हे एकानेही विचारलं नाही. शाबासकी गोंदाला मिळाली. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर बसलो त्या माणसांचा मला त्या दिवशी विलक्षण राग आला, आणि त्यांच्यात मला माझंच तोंड दिसत होतं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठोकळेवाले होते. त्यांच्यातली एक बाई आली, तिने सांध्यावरून हळूच नख फिरवलं आणि ते तिथेच थांबलं. हे चिकटवलं कुणी, तिने विचारलं. मी चिकटवलं, असं मी सांगितलं. ती आपल्या लोकांकडे परत गेली आणि थोड्या वेळाने ते सगळे माझ्याकडे बघत होते.

घरी आणल्यावर मी ब्लेड घेऊन बसलो. सबंध आठवड्यात अकरा ठोकळे निघाले, अकराही वरच्या गोट्या तुटून. बायको म्हणाली, पुरे आता, आहे तेही घालवाल. तिने हातातून ब्लेड घेतलं आणि फोन दिला. म्हणाली, तुम्ही करा, मी नाही करणार.

मी केला. लेकीने उचलला. मी म्हणालो, रविवार आहे.

‘‘हो.’’

‘‘येतेस का?’’

मागे कुठेतरी नळ चालू होता.

‘‘येऊन काय करू?’’ ती म्हणाली.

‘तू नुसती ये,’ एवढंच म्हणायचं होतं. फोन लावायच्या आधी दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. शब्द जिभेवर होते, देवाशपथ.

‘‘रूळ पुसायचेत,’’ मी म्हणालो. ‘‘फार धूळ बसलीय.’’

‘‘पुसा,’’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला.