चार बोटांची दुमड

नमुना जुळला नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं आणि थोरलीने हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे तो आपला नव्हेच," ती शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"



परदेशात काम शोधायला निघालेला थोरलीचा मुलगा बोट बुडाल्यापासून बेपत्ता होता. लहानपणी गुटगुटीत म्हणून घरात त्याला ढब्बू म्हणत. निघाला तेव्हा काडीसारखा होता, नाव तेवढं चिकटून राहिलं. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच्या वयाचा एक मृतदेह सापडला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, म्हणून थोरलीच्या लाळेचा नमुना तिकडे पाठवला होता. तो घेताना वकीलबाईंनी विचारलं होतं, "जन्म तुम्हीच दिलात ना?"

"आई आहे मी त्याची. आईत काय साधी आणि स्पेशल असं असतं का?"

वकीलबाई हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

जन्म धाकटीने दिला होता. तिचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि थोरलीला मूल होत नव्हतं. बाळंतपण परगावी उरकलं, दाखल्यावर थोरलीचं नाव लागलं, त्यावर घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. ढब्बूसाठी ती मावशी होती. आईने नाही म्हटलेलं सगळं तो मावशीकडून उकळायचा.

"आता त्या मुलाचं काय करतील?" धाकटीने विचारलं.

"महिनाअखेरीला नंबर लावून पुरतील," वकीलबाई म्हणाल्या. " ओळख पटवणं हे तिथल्या सरकारचं कर्तव्य, आणि आपला माणूस कुठे आहे हे कळणं हा घरच्यांचा हक्क. आंतरराष्ट्रीय कायदाच आहे तसा. पण पडताळायला रक्ताच्या माणसाचा नमुना लागतो. तो नसला की कायदा तिथेच थांबतो."

थोरली पाणी प्यायला बाहेर गेली तेवढ्यात धाकटीने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमचा नमुना आत्ता घेते. पण कागदोपत्री आई त्या आहेत, अर्ज त्यांचा आहे. त्यांच्या सहीशिवाय तो पुढे जाणार नाही. हे तुम्ही सांगितलंत, असं मी त्यांना कळू देणार नाही."

"कळायचं काय राहिलंय? तिला नाही तर कुणाला माहीत?"

थोरली घरी कपडे दुरुस्तीचं काम करायची. घरी येताच तिने मशीन सुरू केलं. धाकटीने वकीलबाईंकडून मागून आणलेला मृतदेहाच्या कपड्यांचा फोटो मशीनवर ठेवला. पँट उलटी करून काढलेला फोटो होता. पायाशी आत चार बोटं कापड दुमडलेलं दिसत होतं.

"दुकानातल्या पँटला एवढं कापड कोण सोडतं, ताई?"

"वाढत्या अंगाची पोरं घरोघर असतात."

"एकोणीस वर्षांच्या पोराला तूच म्हणायचीस ना, अजून उंची वाढेल म्हणून? मी चिडवायचे तुला, ताडाचं झाड करतेस का त्याचं."

मशीन थांबलं नाही.

"सही कर. नमुना माझा जाईल."

"जिवंत होता तेव्हा देऊन टाकलास," थोरली मान वर न करता म्हणाली. "आता मेलेला परत हवाय होय?"

धाकटीने फोटो तिच्याकडे सरकवला. "नंबर लावून पुरणार आहेत गं त्याला."

"कुणाला तरी पुरतायत. माझ्याकडे कागद आहे, जुळलं नाही म्हणून."

महिनाअखेरीला वकीलबाईंचा फोन आला. फाइल बंद करायची का?

"करा," थोरली म्हणाली. "आमचा नाहीये तो."

धाकटी समोर भाजी निवडत बसली होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

तेवढ्यात शेजारीण शाळेची नवी पँट घेऊन आली. "लांब होतेय. पण आत जरा जास्त कापड ठेवा हं, वाढता आहे."

थोरलीने माप घेतलं, खडूने रेघ मारली आणि रेघेखालचं सगळं कापड कात्रीने कापून टाकलं.

"अहो, हे काय!"

"वाढला की नवीन घ्या," थोरली म्हणाली.