बिनलढतीचं सोनं

वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये देवांच्या फोटोंशेजारी एका खिळ्याला तीन सुवर्णपदकं लटकत होती, आणि तिन्हींसाठी संयुक्ताला घामाचा थेंब गाळावा लागला नव्हता.

खेळ जुजुत्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची कुस्ती. बायकांच्या सर्वांत हलक्या गटात दर वर्षी ती एकटीच. नाव पुकारायचे, समोर कुणी नसायचं, पंच तिचा हात वर करायचे. मग तिचे अप्पा, सेतुमाधवराव, पदक घेऊन बिल्डिंगचे सगळे मजले फिरून यायचे.

यंदा तर स्पर्धेच्या सकाळीच त्यांनी तंजावरला मेव्हण्यांना, दत्ताजींना, फोन करून टाकला. पोरीला सोनं मिळालं म्हणून. अजून फिल्टरमधून कॉफीही उतरली नव्हती.

० : ०

हॉलमध्ये आयोजकांनी तेच सांगितलं. गटात दुसरं कुणी नाही, पदक घ्या, फोटो काढा. हवं तर वरच्या गटात घालू, पण तिथं सगळ्या हिच्या दीडपट, आणि हरली की हातातलं सोनंही गेलं. मग तिच्या मनगटांकडे बघून ते हळहळले. "पावम."

पावम. बिचारी. या तमिळ शहरात हा शब्द कुत्र्याच्या पिल्लाला लावतात, नापास पोराला लावतात, आणि संयुक्ताला लावतात. बँकेत लावतात. लग्नाच्या पंगतीत लावतात.

"वरच्या गटात घाला," ती म्हणाली.

अप्पांनी तिला कोपऱ्यात नेलं. तंजावरला कळवून झालंय, आता तोंड कसं दाखवायचं, वगैरे. "मिळतंय ते कोण सोडतं, कन्ना? आपण तंजावरची मराठी, तलवारीची माणसं."

"तलवारीची माणसं रिकाम्या मैदानात जिंकत नव्हती, अप्पा."

सेतुमाधवरावांनी चष्मा काढून पुसला. तो पुसलेलाच होता.

० : २

समोर अनन्या. हसरी, दाराएवढ्या खांद्यांची. तिनं हात मिळवला, खेळाच्या जाड कोटाची गळपट्टी धरली आणि संयुक्ता

पाठीवर होती. दोन गुण अनन्याचे. वर छताचे पंखे दिसले. मग पंखेही दिसेनात, कारण अनन्या वर आली.

दोन्ही पाय तेवढे मध्ये राहिले होते. संयुक्तानं ढकललं. भिंत ढकलल्यासारखं झालं. पुन्हा ढकललं. श्वास संपत आला.

कडेला बसलेल्या तिच्या गुरू रंजनी अक्का एकच शब्द बोलल्या. "सिलिंडर."

इथं लढत थांबवून स्वयंपाकघरात जाऊ. भरलेला गॅस सिलिंडर माणूस दाराशी ठेवून जातो. तो आत न्यायचं काम संयुक्ताचं. सिलिंडर कुणी उचलत नाही. कडं धरायचं, आपल्याकडे झुकवायचं, आणि तो बुडाच्या कडेवर आला की दोन बोटांनी फिरवत न्यायचा. वजन त्याचंच, चालतोही तोच.

चला, परत.

२ : २

अनन्या गळा दाबायला पुढे झुकली. संयुक्तानं ढकलणं सोडलं आणि उलट ओढलं. अनन्या जमिनीवर टेकणार तो हात बाहीसकट अडकवला, त्याच बाजूचा पाय अडवला, आणि सगळं वजन कडेवर आलं तसा दुसऱ्या पायानं खालून एक हेलकावा दिला.

दार उलटलं. आता वर संयुक्ता होती.

तिनं गुडघा अनन्याच्या पोटावर रोवला, दुसरा पाय लांब टाकला. घट्ट धरलं मात्र नाही. घट्ट धरणारा उसळीबरोबर फेकला जातो. टी. नगरच्या बसमध्ये दांडीपर्यंत हात पोचत नाही तेव्हा माणूस गुडघे सैल सोडून उभा राहतो, तशी ती राहिली. अनन्या डावीकडे उसळली, ही डावीकडे गेली. अनन्या वळली, ही वळली. खाली आख्खी बस धक्के देत होती आणि ही उतरायला

४ : २

तयार नव्हती.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. पंचांनी तिचा हात वर केला. यंदा त्यांच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी उभं होतं, धापा टाकत. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी अनन्यासाठी हळहळलं, पावम. दोघींनी एकदमच वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मोबाइलमध्ये शिरला.

आयोजक लगबगीनं आले. अंतिम लढतीतली मुलगी अनन्याहूनही जड आहे म्हणाले. रौप्यपदक तर नक्की झालंय, हिचा गुडघाही सुजलाय, इथंच थांबली तरी कुणी काही म्हणणार नाही.

संयुक्ता पट्टा सोडून पुन्हा आवळून बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

सेतुमाधवरावांचा फोन वाजला. तंजावरहून दत्ताजी. सोन्याचा फोटो अजून का आला नाही, विचारत होते. सेतुमाधवराव उठून चटईच्या अगदी कडेपर्यंत गेले.

"अजून काही सांगता येत नाही, दत्ताजी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "ठेवा फोन. लढतेय ती."