सातव्या रकान्यावरचा शिक्का

मित्रांनो, मी शिक्का आहे. रबराचा, लाकडी मुठीचा आणि आता चांगलाच म्हातारा. माझ्या तोंडावर दोनच शब्द आहेत, 'अपूर्ण, परत'. तुम्ही म्हणाल, दोन शब्दांच्या जिवाला कसली आली आहे जीवनकहाणी! पण या दोन शब्दांनी मी किती माणसांना दारातून माघारी धाडले ते ऐकलेत, की तुम्ही असे म्हणणार नाही. मी काहीही लपवणार नाही. उठायचे ते ठळक उठायचे, एवढे एकच मला शिकवलेले आहे.

एका अरुंद गल्लीतल्या शिक्केवाल्याने मला घडवले. त्याने अक्षरे उलटी जुळवली, साच्यात रबर दाबले, ते लाकडावर चिकटवले आणि पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर मारून पाहिला. "झकास उठतोय," असे तो म्हणाला. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी. तिने मी इतका फुगलो की माझ्या तोंडावर काय लिहिले आहे याचा मी विचारच केला नाही.

माझी नेमणूक राज्याच्या आरोग्य विभागात झाली. विमा शाखा, खिडकी क्रमांक दोन. सरकारने तेव्हा नवी योजना काढली होती. कमी मिळकतीच्या माणसाने अर्ज भरायचा, त्याला विम्याचे कार्ड मिळायचे, आणि ते कार्ड दाखवले की रुग्णालयाने त्याच्यावर फुकट उपचार करायचे. योजना चांगली होती, याबद्दल मला आजही शंका नाही. अर्जात अकरा रकाने होते. एखादा रकाना नियमाप्रमाणे भरलेला नसला, की माझे काम सुरू.

खिडकीवर एक तरुण मुलगी बसायची. संख्याशास्त्र शिकलेली, हुशार, हाताने चपळ. तिच्यापेक्षा वयाने दुप्पट असलेले हेडक्लार्क काकासुद्धा तिला ताई म्हणायचे. लोक दाराजवळच्या लोखंडी पेटीत अर्ज टाकून जात, दुपारी पेटी उघडली जाई, आणि ताई एकेक अर्ज नजरेखालून घाली. खरे तर ती अर्ज वाचत नसे, फक्त रकाने पाही. वरच्या नावाकडे बघायला तिला सवड नव्हती आणि गरजही वाटत नव्हती. तिची गाडी बहुतेक वेळा सातव्या रकान्यावर अडायची. त्यात 'मालकाचे नाव' एवढेच छापलेले होते आणि पुढे एक ओळ मोकळी होती. खाली बारीक अक्षरांत टीप होती, की एकाच मालकाकडे दिवसातून किमान सहा तास काम हवे. काही लोक त्या एका ओळीत चार-पाच नावे कोंबायचे. जागा पुरली नाही की कडेच्या समासात लिहायचे, तिथेही मावले नाही की कागद आडवा धरून लिहायचे. ताई वैतागून मला उचलायची. ठप्प. अपूर्ण, परत.

एकदा तपासणीला आलेले मोठे साहेब, म्हणजे शाखेचे संचालक, म्हणाले की दुसऱ्या खिडकीचे काम बघा, एक अर्ज शिल्लक नाही आणि ठसा कसा स्वच्छ उठलाय. ताई लाजली. मी तर हवेतच होतो.

माझा ठसा स्वच्छ का उठायचा, ते आता सांगतो. कार्यालयात एक मावशी होत्या. सकाळी दोन तास येऊन तीन मजले झाडायच्या, पुसायच्या, आणि मग पुढच्या कामांना पळायच्या. बाकी कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. मावशी मात्र माझ्या अक्षरांत अडकलेला कचरा सुईने काढायच्या आणि ओल्या फडक्याने माझे तोंड पुसायच्या. "किती रे बरबटतोस," असे म्हणायच्या. त्यांचा हात लागला की मला बरे वाटायचे. सगळे कार्यालय त्यांना मावशीच म्हणायचे. मावशी, जरा इथे पुसा. मावशी, माझा डबा राहिला का हो? सात वर्षांत त्यांचे नाव कुणी विचारले नाही.

एका सकाळी मावशी जिन्यात बादलीसकट खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. ताईने त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेले. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ताई काकांना सांगत होती, तेव्हा मी टेबलावरच होतो. भरतीच्या खिडकीवर तिला विचारले, पेशंटचे नाव काय? ती म्हणाली, मावशी. तिथल्या माणसाने मान वर करून विचारले, अहो, पूर्ण नाव? ते ताईला माहीतच नव्हते. शेवटी मावशींनीच धापा टाकत नाव सांगितले. मग विम्याचे कार्ड आहे का असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेले तीन कागद काढले. तीन वर्षांत भरलेले तीन अर्ज, आणि तिन्हींवर माझा ठळक, स्वच्छ ठसा.

मावशी आमच्याकडे दोन तास आणि पुढे चार घरी दीड-दीड तास राबायच्या. दिवसाचे आठ तास व्हायचे, पण एका मालकाकडे सहा कधीच नव्हते. पहिल्या दोन अर्जांत त्यांनी पाचही ठिकाणांची नावे लिहिली, ती समासात गेली. तिसऱ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून एकच नाव लिहिले, तर तास कमी पडले. इतर लोकांसारखेच त्यांनी तिन्ही अर्ज मुकाट्याने पेटीत टाकले होते. ताईने विचारले, "मावशी, तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही कामात होता."

हे सांगून ताईने ते तीन कागद माझ्याशेजारी ठेवले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या हाताने माझे तोंड पुसले, त्याच हाताने भरलेल्या कागदावर मी तीनदा उठलो होतो. आणि मित्रांनो, मावशींच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. डॉक्टरांनी सांगितले होते, सहा महिन्यांत बदलली तर ठीक, नाहीतर काही खरे नाही. कार्डाशिवाय ते ऑपरेशन मावशींच्या बापजन्मात होण्यासारखे नव्हते.

काकांनी व्यवहारी तोडगा काढला. एखाद्या घरमालकाकडून सहा तासांचा दाखला लिहून घ्यावा, कोण बघतेय! ताईच्या मनातही क्षणभर आले असावे, पण मावशींनी साफ नकार दिला. "खोटं लिहून कार्ड घेतलं आणि मधेच पकडलं, तर मला टेबलावर तशीच फाडून ठेवतील का?" असे त्यांनी विचारले. मग ताई शांतपणे म्हणाली, "दाखला बदलायचा नाही. रकाना बदलायचा."

तिसऱ्या मजल्यावर धोरण शाखा होती. कुणाला विमा द्यायचा, अर्ज कसा असावा, नियम कोणते, हे तिथे ठरायचे. तिथली एक जागा दोन वर्षे रिकामी होती, कारण कामाच्या डोंगरामुळे तिकडे जायला कुणी धजत नव्हते. ताईने बदली मागितली. लोकांनी तिला वेड्यात काढले. खिडकीवर माणसांची कामे तरी होतात, तिथे नुसत्या फायली इकडून तिकडे सरकवशील, असे म्हणाले. तिने ऐकले नाही. जाताना रीतसर सही करून ती मला बरोबर घेऊन गेली. तिथे माझे काहीच काम नव्हते. तिने मला टेबलावर, अगदी डोळ्यांसमोर ठेवले.

ताईने आधी नियम वाचले. कायद्याला हात लावायची गरज नव्हती. फक्त अर्जाचा नमुना आणि त्याखालची टीप बदलायची होती, आणि तो अधिकार एका समितीला होता. पण समितीपुढे नुसते एका मावशींचे दुःख मांडून भागले नसते. असे किती लोक आहेत, हा प्रश्न आलाच असता, आणि तो कुणी कधी मोजलेलाच नव्हता. परत पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत मात्र तळघरात तीन वर्षे पडून असायची.

ताईने चंग बांधला. रोज कार्यालय सुटल्यावर दोन तास ती तळघरात बसायची. पहिले चार दिवस एकटीच होती. पाचव्या दिवशी काका नाकाला रुमाल बांधून आले. धुळीने त्यांना शिंकांवर शिंका येत, तरी एका हाताने नाक धरून दुसऱ्याने ते गठ्ठे सोडत. अकरा हजारांवर अर्ज होते. या वेळी ताईने प्रत्येक अर्ज वाचला, नावापासून सहीपर्यंत. हमाल, शिकवणीवाल्या बाई, दहा घरचे कपडे नेणारा इस्त्रीवाला, वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या चालवणारा चालक, आणि धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी जणी. चार हजार तीनशे अठरा अर्जांच्या समासात नावे होती. मित्रांनो, या लोकांनी काहीएक लपवले नव्हते. सगळे खरे लिहिले होते, म्हणूनच ते परत गेले होते.

इकडे मावशींची तब्येत ढासळत चालली होती. एक मजला चढायला त्यांना तीनदा थांबावे लागे. सुट्टी घेतली तर काम जाईल, म्हणून त्या यायच्याच. ताईने त्यांना एक स्टूल आणून दिले आणि दटावून त्यावर बसवले. तिसऱ्या मजल्याची फरशी कित्येकदा काकाच पुसत, आणि कुणी पाहिले की पाणी सांडले होते, अशी थाप मारत.

समितीची बैठक भरली तेव्हा डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले पाच सरले होते. ताईने आकडे मांडले. अध्यक्षबाईंनी काम चांगले झाल्याचे सांगितले, पुढच्या वर्षीच्या आढाव्यात हा विषय जरूर घेऊ म्हणाल्या, आणि फाइल मिटली. पुढचे वर्ष! ताईने बरोबर आणलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसून मी हे ऐकले.

ताई खाली बसली नाही. तिने पाच मिनिटे मागून घेतली आणि सातही सदस्यांपुढे एकेक कोरा अर्ज ठेवला. "आपल्या घरी ज्या बाई काम करतात, त्यांच्या वतीने फक्त दोन रकाने भरा," ती म्हणाली. "पहिला आणि सातवा."

पहिला रकाना होता, 'संपूर्ण नाव'. एका साहेबांनी पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. दुसऱ्यांनी एक घरगुती नाव लिहिले, त्यापुढे त्यांचे पेन हलेना. त्या बाई आणखी किती घरी जातात, हे सातांपैकी एकालाही सांगता आले नाही.

"मलाही आलं नसतं," ताई म्हणाली. मग तिने मावशींचे तीन अर्ज टेबलावर ठेवले आणि त्यांच्या शेजारी मला. "हे आपलं कार्यालय झाडणाऱ्या बाईंचे अर्ज आहेत. तिन्ही मी परत केलेत. नाव न वाचता. त्यांच्याकडे पुढचं वर्ष नाही."

मग अध्यक्षबाईंनी फाइल पुन्हा उघडली. तिजोरीवर किती भार येईल, तास कसे तपासायचे, असे प्रश्न झडले, आणि ताईने एकेकाचे उत्तर दिले. दुपारचे जेवण राहून गेले. संध्याकाळी ठराव झाला. सातव्या रकान्यात सहा ओळी, सगळ्या कामांचे तास मिळून सहा झाले की पुरे, आणि अर्जदाराची स्वतःची सही ग्राह्य. अंमल पुढच्या सोमवारपासून.

त्या सोमवारी ताई मला घेऊन खिडकी क्रमांक दोनवर आली. खालचे सभागृह माणसांनी भरले होते. तिने पेटीतून एक अर्ज काढला, पहिला रकाना वाचला आणि मोठ्याने नाव पुकारले, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कुणी उठले नाही. तिने पुन्हा पुकारले. तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेल्या मावशी दचकल्या. आपल्यालाच हाक मारली जातेय, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. भिंतीला धरत त्या खिडकीशी आल्या, आणि ताई त्यांच्यासाठी उभी राहिली. ते नाव मी तुम्हांला सांगणार नाही. अर्जातली माहिती बाहेर फोडायची नाही, ही आमच्या शाखेची शिस्त आहे.

मावशींची झडप बदलली. सहा महिन्यांतले नऊ दिवस तेव्हा शिल्लक होते. त्या चार हजार तीनशे अठरा जणांना ताईने घरपोच पत्रे पाठवली. त्यांतली काही पत्रे 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत आली, काही घरांतून कळले की माणूस आता नाही. ती पत्रे ताईने फेकली नाहीत.

आज ताई धोरण शाखेची प्रमुख आहे. कॉलेजातली मुले तिला विचारायला येतात, की आरोग्य धोरणात काम करायचे तर काय शिकावे? ती सांगते, आकडे शिका, कायदा शिका, पण आधी महिनाभर खिडकीवर बसा. सध्या तिच्यापुढे नववा रकाना आहे, 'कायमचा पत्ता'. कामामागे गावोगाव फिरणाऱ्यांना तो भरता येत नाही. दोनदा तिचा प्रस्ताव परत आला आहे. ती तिसऱ्यांदा लिहिते आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हांला जपा, अडगळीत टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. माझी शाई वाळते आहे, अक्षरे तडकली आहेत, आठवडेच्या आठवडे मला कुणी हात लावत नाही, आणि मी त्यात सुखी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या अशाच एखाद्या खिडकीवर बसेल. तिथेही माझा एखादा भाऊबंद असेलच, नवा, टवटवीत, उठायला उतावीळ. त्याला उचलण्याआधी वरचे नाव वाचा, आणि त्या नावाचे माणूस बाकावर बसलेले असेल तर त्याला हाक मारा. मग शिक्का मारायचा की नाही, ते ठरवा.